चहा आला की हसायचं

पितांबरने हसायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. चोपन्न वर्षं न हसता त्याचं काही अडलं नव्हतं. जळगावच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हसावं लागत नाही. उलट तो हसला तर समोरचा घाबरून अर्ज परत घेऊन जातो. म्हणजे नोकरीच्या दृष्टीने पितांबरचा चेहरा अगदी नियमात बसणारा होता.

चेहरा कसा, तर जन्मजात सुतकी. ओठांची दोन्ही टोकं खाली, भुवया मधोमध एकमेकींना टेकायला आलेल्या, आणि नजर अशी, की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलाय. मनात काहीही असो, चेहऱ्यापर्यंत ते येत नसे. त्याची बायको ज्योती सांगते, की लग्नात हार घालताना ह्यांचा चेहरा बघून तिला इतकं वाईट वाटलं, की बिचाऱ्याला सोडून द्यावं असं मनात आलं होतं. (सोडलं मात्र नाही. तिसावं वर्ष चालू आहे.)

पण म्हणून ह्या चेहऱ्याला किंमत नव्हती असं कुणी समजू नये. आपल्या खानदेशात कुणी गेलं, की सोयऱ्याधायऱ्यांनी 'दारावर' जायचं असतं. जाऊन ओट्यावर बसायचं, रामराम घालायचा नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं तोंड पाडून बसायचं. हे शेवटचं काम दिसतं तितकं सोपं नाही. गेलेला माणूस लांबचा असला, की दहा मिनिटांत जांभया यायला लागतात. एरंडोलला कापडाचं दुकान चालवणारा पितांबरचा चुलतभाऊ रुपचंद म्हणूनच प्रत्येक दारावर त्याला बरोबर न्यायचा. गाडी रुपचंदची, चेहरा पितांबरचा. लोक म्हणायचे, नात्यात काही नसताना पितांबरभाऊ किती मनाला लावून घेतात बघा. तेव्हा पितांबर बहुधा घरी वांगी न्यायची की गवार, ह्याचा विचार करत असायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्याच्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, आकाश नाव, चांगला इंजिनियर. स्नेहल जळगावात फिजिओथेरपिस्ट. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि नंतर मोठ्यांना, आपणच जुळवलं असं वाटू दिलं होतं. सुपारी फुटली, फोटो निघाले, दोन्हीकडच्या ग्रुपवर पडले. फोटोत सगळे हसत होते आणि मधोमध पितांबर उभा होता.

दुसऱ्या दिवशी आकाशने स्नेहलला विचारलं, की पप्पांना मी पसंत नाही का? त्यांच्या घरी दोन दिवस हीच चर्चा होती. आकाशचे वडील प्रेमराजभाऊ तर म्हणाले, मुलीच्या बापाची इच्छा नसेल तर आपण जबरदस्तीने सोयरीक करायची नाही. साखरपुड्याला अजून महिना होता.

स्नेहल रडली. ज्योती म्हणाली, "अहो, तुमच्या एका थोबाडापायी पोरीचं मोडेल. जरा हसायला काय जातं तुमचं?"

पितांबर म्हणाला की तो त्या फोटोत हसतच होता. ज्योतीने फोटो मोठा करून बघितला आणि फोन बाजूला ठेवला.

मग स्नेहलने सूत्रं हाती घेतली. तिने बापाला खुर्चीवर बसवलं, दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि पेशंट तपासावा तसा तो तपासला. म्हणाली, पप्पा, माणसाच्या चेहऱ्यात चाळीसच्या वर स्नायू असतात. त्यातला हसायचा मुख्य स्नायू गालाच्या हाडापासून निघून तिरका ओठाच्या कोपऱ्याला येऊन चिकटतो. तो आखडला की ओठ वर. ओठ खाली ओढणारा वेगळा, तो तुमचा पैलवान झालाय. भुवया जवळ ओढणारा तर ओव्हरटाइम करतोय.

"आणि हसायचा?" पितांबरने विचारलं.

"आहे. जागेवर बसून पगार खातोय."

हे वाक्य सरकारी नोकराला लागायला हवं होतं. पण पितांबरला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्नेहलने आणखी एक सांगितलं, की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आखडतो, आणि तो सांगून सहसा हलत नाही, मनातून यावं लागतं. पण त्याच्या भानगडीत आपण पडायचं नाही, तुम्हाला चष्मा आहे, झाकलं जाईल.

व्यायाम असा होता: ओठांची टोकं वर ओढायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. दिवसातून आठ वेळा, एकवीस दिवस. पितांबर पहिल्याच दिवशी आठही वेळा विसरला. तेव्हा स्नेहलने युक्ती काढली. म्हणाली, सवय ही दुसऱ्या सवयीला बांधून टाकायची. तुम्ही दिवसातून चहा किती वेळा पिता? कचेरीतला माणूस तो, बोटं मोजत आठावर गेला. झालं तर मग, स्नेहल म्हणाली, चहा समोर आला की हसायचं.

युक्ती चांगलीच होती. वाईट युक्त्यांनी एवढं नुकसान होत नाही.

कचेरीत चहा आला, की पितांबर फायली बाजूला सारायचा, कपाकडे बघायचा आणि दात दाखवायचा. पहिल्या आठवड्यात गाल दुखले. साहेबांनी दोनदा विचारलं, काही त्रास आहे का? शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बदलीचा अर्ज दिला. (त्यांचं म्हणणं होतं, की आधीचा चेहरा परवडला, निदान तो आपल्याकडे बघून केलेला नसायचा.) पण तिसऱ्या आठवड्यात कमाल झाली. आता पितांबरला काही करावंच लागत नसे. जिन्यात कपबशी वाजली, की इकडे गाल आपोआप वर. ज्योतीने आधण ठेवलं, आल्याचा वास आला, की हॉलमध्ये बसलेला नवरा हसतमुख. स्नेहलने फोटो काढून आकाशला पाठवला. त्याचं उत्तर आलं, पप्पा किती छान दिसतात. ज्योतीने तो फोटो तीन बायकांना दाखवला. साखरपुडा आठ दिवसांवर आला होता.

आणि धुळ्याहून फोन आला. आकाशचे आजोबा, भिकाआबा, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेले.

आता दारावर जायलाच हवं, आणि तेही होणाऱ्या व्याह्यांच्या. रुपचंदने गाडी काढली. वाटेत तो पितांबरला म्हणाला, आज तुला काही सांगायला नको, तुझा तर हातखंडा आहे. पुढच्या सीटवर पितांबर होता, मागे ज्योती. पोरीच्या सासरचं पहिलं दुःख, आपल्याकडून काही कमी पडू नये, एवढंच पितांबरच्या मनात होतं.

धुळ्याला पोचल्यावर ज्योती आत बायकांत गेली. पितांबर आणि रुपचंद ओट्यावर सतरंजीवर बसले. दहा-पंधरा पुरुषमंडळी होती. पितांबरचा जुना चेहरा आपल्या जागेवर नीट बसला, पाहुण्यांनी त्याच्यासाठी भिंतीकडची जागा करून दिली. प्रेमराजभाऊ समोर बसून हळू आवाजात सांगत होते. सकाळी उठले, आंघोळ केली, पेपर वाचला. म्हणाले, छातीत कसंसं होतंय, पाणी दे. मी पाणी आणायला वळलो...

आणि शेजारच्या घरातून चहाचा ट्रे आला.

पितांबरला कपबशीचा आवाज ऐकू आला मात्र, गाल वर गेले. एकवीस दिवसांची मेहनत होती, वाया कशी जाईल? ओठ फाकले, दात दिसले. मनातल्या मनात एक, दोन, तीन सुरू झालं. चारला त्याच्या लक्षात आलं. त्याने सगळा जीव एकवटून तोंड खाली ओढलं. उजवी बाजू जुनी, प्रामाणिक, ती ताबडतोब खाली आली. डावी ऐकेना. ती वरच राहिली, आणि मधे चेहऱ्याचं असं काही झालं, की शेजारी बसलेल्या रुपचंदने त्याच्या मांडीला जोरात चिमटा काढला. त्या चिमट्याने उजवीही वर गेली.

प्रेमराजभाऊ बोलायचे थांबले. ओट्यावर बाकी कुणी चहाला हात लावला नाही.

"पितांबरभाऊ," ते म्हणाले, "काही गंमत झाली का?"

पितांबर नाही म्हणायला गेला. पण घाबरल्यामुळे त्याने कप घटाघटा रिकामा केला होता, आणि रिकामा कप दिसला की भरायचा ही आपल्याकडची रीत दुःखातही सुटत नाही. कुणीतरी किटलीतून पुन्हा ओतला. पितांबर पुन्हा हसला. प्रेमराजभाऊ उठून उभे राहिले. रुपचंदने हळूच चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवलं.

खिडकीतून हे सगळं ज्योतीला दिसत होतं. ज्योती कधी खोटं बोलली नव्हती असं नाही, तीस वर्षं संसार केलाय तिने. पण एवढं मोठं खोटं, एवढ्या लोकांत, तयारीशिवाय, हे पहिलंच. ती पदर सावरत बाहेर आली.

"भाऊ, राग मानू नका," ती म्हणाली. "यांच्या तोंडावरून वारं गेलंय परवा. अर्धा चेहरा ताब्यात नाही. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलं होतं, पण आबा गेले म्हटल्यावर ऐकेनात."

ओट्यावरची सगळी मंडळी पितांबरकडे बघायला लागली. भीतीने त्याचं तोंड त्या क्षणी असं वेडंवाकडं झालं होतं, की वेगळ्या पुराव्याची गरजच पडली नाही. प्रेमराजभाऊ खाली बसले आणि त्यांनी पितांबरचा हात हातात घेतला.

आतून भिकाआबांची बायको, धुरपदाबाई, स्वतः उठून दारापर्यंत आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांनी पितांबरची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

"आरे देवा," त्या म्हणाल्या, "हाऊ काय हासी नही ऱ्हायना. ह्याले रोग शे."

आणि स्वतःचा नवरा जाऊन तीन दिवस झालेली ती बाई पितांबरसाठी रडली. पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता खरं सांगायची सोय नव्हती, खरं सांगितलं असतं तर ते दारावर हसल्याचं कबूल करण्यासारखं होतं, आणि मग पोरीचं लग्न कुठलं.

तेरावं झाल्यावर प्रेमराजभाऊंचा फोन आला. म्हणाले, अक्काचं म्हणणं आहे, साखरपुडा वगैरे नको, पुढल्या महिन्यात सरळ लग्नच उरकू. का, ते सांगताना ते जरा अडखळले. अक्काचं प्रत्यक्षातलं वाक्य आकाशने नंतर स्नेहलला सांगितलं: पोरीना बाप शे तवलोंग लगीन उरकी ल्या.

पितांबरला आपण इतके शेवटाला आल्याचं आनंदाने ऐकावं लागलं.

स्नेहल आईवर चिडली. कारण वारं जाणं म्हणजे काय हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं. चेहऱ्याच्या नसेला सूज आली, की त्या बाजूचे सगळे स्नायू लुळे पडतात. गाल लोंबतो, डोळा नीट मिटत नाही, भुवई उचलता येत नाही. हसरा चेहरा त्यात कुठेच येत नाही, ज्याने कुणी असा पेशंट बघितलाय तो लगेच ओळखेल. म्हणजे आता लग्नापर्यंत पप्पांना नीट वाकडं व्हायला शिकवायला हवं. एकवीस दिवस घालून जे स्नायू जागे केले, त्यातले अर्धे परत झोपवायचे. पितांबर पुन्हा खुर्चीवर बसला. डावी बाजू सोडा पप्पा, अजून सोडा, ओठ गळू दे, उजवा हलला तर चालेल. आठ दिवसांत तो इतका तयार झाला, की स्नेहलच्या दवाखान्यात दाखवला असता तर दाखल करून घेतला असता.

अक्का दर रविवारी आकाशच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायच्या, नुसतं तोंड बघायला. एका रविवारी स्नेहल घरी नव्हती. पितांबरने स्क्रीनवर स्वतःला बघून बाजू ठरवली आणि नको ती बाजू पाडली. अक्कांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं, आणि त्याच संध्याकाळी आख्ख्या धुळ्यात बातमी झाली, की व्याह्यांचा रोग डावीकडून उजवीकडे सरकला. दोन दिवसांनी त्यांचा एक माणूस पिंजऱ्यातून जंगली कबुतर घेऊन आला. त्याच्या रक्ताने गाल चोळायचा होता. ज्योतीने माणसाला जेवायला घातलं, तो गेल्यावर गॅलरीत कबुतर सोडून दिलं. ते उडालं नाही. आता तिथेच असतं आणि कपडे वाळत घालता येत नाहीत.

लग्न जळगावात झालं. आता हॉलमध्ये दोन प्रकारचे लोक होते. धुळ्याकडचे, ज्यांना व्याह्यांचं तोंड वाकडं आहे हे माहीत होतं आणि जे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. आणि एरंडोलकडचे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं आणि ज्यांनी पितांबर सकाळीच घेऊन आलाय असं ठरवून टाकलं होतं. (ऐन लग्नाच्या दिवशी घेतली, म्हणजे पोरीचं लग्न मनाविरुद्ध दिसतंय, असंही दोघांनी पुढे सांगितलं.) पितांबर दाराशी उभा राहून डावा गाल सोडून सगळ्यांचं स्वागत करत होता. जेवताना वरण डाव्या बाजूने थोडं सांडायचं, असं स्नेहलने सांगितलेलं होतं, तेही त्याने सांडलं. नव्या सदऱ्यावर. चहा मात्र दिवसभर हॉलच्या आत आणायचा नाही असा ज्योतीने आचाऱ्याला दम दिला होता. उन्हाळ्याचे दिवस, ताक ठेवलंय, असं ती सगळ्यांना सांगत होती.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, सगळं निभावलं. निरोपाची वेळ आली.

स्नेहल गाडीपर्यंत आली. आईच्या गळ्यात पडली, रुपचंदच्या पाया पडली. मग बापासमोर उभी राहिली. गेले दोन महिने दोघं रोज समोरासमोर बसत होते, ती त्याचे गाल ओढत होती, तो तोंडं करत होता, दोघं एकमेकांवर वैतागत होते. उद्यापासून ती खुर्ची रिकामी. हे पितांबरच्या आत्ता लक्षात आलं.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "आता सोडा. झालं."

आणि पितांबरला रडू कोसळलं. कुठला स्नायू, कुठली बाजू, काही भान राहिलं नाही. ओठांची दोन्ही टोकं सारखीच खाली आली, दोन्ही भुवया मधोमध जुळल्या, दोन्ही गालांवरून पाणी वाहायला लागलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं तेच त्याच्या मनात होतं. तो पोरीला धरून हमसाहमशी रडला.

तेवढ्यात गर्दीतून धुरपदाबाईंचा आवाज आला.

"आरे देखा देखा! तोंड सरळ व्हई गयं!"

सगळी धुळेकर मंडळी पुढे सरकली. कुणी म्हणालं डोळाही मिटतोय, कुणी म्हणालं दोन्ही बाजू सारख्याच वाकल्यात बघा. टाळ्या पडल्या. प्रेमराजभाऊंनी पितांबरला मिठी मारली आणि अभिनंदन केलं. बँडवाले सामान आवरत होते, त्यांना थांबवून परत वाजवायला लावलं. पितांबर हुंदके देत सांगायचा प्रयत्न करत होता, की अहो, माझी मुलगी चाललीय. पण जितका तो रडे तितके लोक खूश होत होते. एकाने जवळ येऊन, जरा अजून मोठ्याने रडून दाखवता का, म्हणून विचारलं. स्नेहल गाडीत बसून पदर तोंडाला लावून हसत होती, ती तशीच हसत हसत सासरी गेली. रडणाऱ्या बापाला एकाही माणसाने रुमाल दिला नाही.

गाड्या निघण्याआधी अक्का काठी टेकत पितांबरपाशी आल्या. त्यांनी त्याचं ओलं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडून तिकडून तपासलं, समाधानाने मान हलवली. गुण अर्थातच कबुतराचा होता.

"भाऊ, आते हाऊच चेहरा ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कितीबी आनंद व्हयना तरी परत हासू नको. शिरा ताणाई जाई."

हे ऐकलं आणि पितांबरला आतून हसू आलं. चहा नव्हता, आकडे मोजायचे नव्हते. ते पोटातून निघून गळ्याशी आलं, डोळ्यांच्या कडा आपोआप आकसायला लागल्या. आता ते बाहेर येणार, एवढ्यात ज्योतीने मागून त्याचं कोपर घट्ट दाबलं.

"खबरदार," ती म्हणाली.